गुण्याची लाथ

मुळशीहून परत आलो तेव्हा कचेरीत सगळ्यांनी विचारलं, काय काय पाहिलंत. मी तलाव सांगितला, करवंदं सांगितली, आंबेमोहोर भाताचा वास सांगितला. ऐकणारे खूश झाले आणि पुढच्या सुट्टीत सहकुटुंब जायचे बेत करू लागले. जे सांगायचं होतं ते मात्र मी गिळलं, आणि ते अजून घशाशीच आहे. म्हणून हे लिहितो. ज्याला नुसता तलाव हवा असेल त्याने पहिला दिवस वाचून थांबावं. वाडीचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या माणसांना माझ्यापायी एकदा झाला तेवढा त्रास पुरे आहे.

शनिवार

जाण्याचं कारण तात्या. तात्या लढाईत ब्रह्मदेशात होते, हवालदार होऊन परतले, आणि आमच्या पेठेतल्या तालमीत संध्याकाळी आम्हा सात-आठ जणांना ठोसे आणि लाथा शिकवत. तालमीतले कुस्तीवाले आम्हाला हसत. लाथ मारणं हे गाढवाचं काम, असं त्यांचं मत. पण तात्यांनी तिकडच्या जत्रांमध्ये हातापायांच्या झुंजी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि तिकडचे लढवय्ये सगळ्यात जास्त भितात ते तोंडावरच्या ठोशाला नव्हे, मांडीवर बसणाऱ्या खालच्या लाथेला, असं ते सांगत.

ती लाथ मला चांगली जमत असे. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण तेव्हा मला त्याचा फार गर्व होता. मारायची जागा मांडीच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्याच्या वर वीतभर. पंजा लावायचा नाही, नडगी लावायची. पाय फेकायचा नाही, कंबर फिरवायची, म्हणजे पाय आपोआप मागून येतो. आणि मुख्य म्हणजे कोरी लाथ कधी मारायची नाही. आधी डावा ठोसा तोंडाकडे दाखवायचा. समोरच्याचे हात वर जातात, डोळे वर जातात आणि सगळं वजन पुढच्या पायावर येतं. तेवढ्यात अर्धं पाऊल तिरकं बाहेर टाकायचं आणि त्या वजन घेतलेल्या मांडीवर मारायचं. एकदा मारून काही होत नाही. तात्या म्हणत, पहिली लाथ दार ठोठावते, दुसरी कडी काढते, तिसरी आत जाते.

यावर उतारा एकच. लाथ येताना दिसली की पुढचा पाय गुडघ्यात उचलायचा आणि नडगी बाहेर वळवायची. मांडी वाचते, उलट मारणाऱ्याचीच नडगी शेकते. तात्यांचा नियम असा होता की ज्याला पाय उचलायला शिकवलेलं नाही, त्याच्यावर ही लाथ चालवायची नाही. हा नियम ते दर आठवड्याला एकदा तरी बोलून दाखवत, आणि आम्ही दर आठवड्याला मान डोलावत असू.

मुळशीच्या तलावाकाठच्या त्या वाडीत तात्यांच्या पलटणीतल्या एका सोबत्याचं घर होतं. सोबती ब्रह्मदेशातच कामी आला. तेव्हापासून तात्या दरवर्षी चैत्रात वाडीच्या जत्रेला जात, आणि त्या घरात त्यांना थोरल्या भावाचा मान होता. या वर्षी गावकऱ्यांनी निरोप धाडला की कुस्त्यांच्या आधी तुमच्या लाथांचा खेळ दाखवा. तात्यांनी मला सोबत घेतलं. मी घरून निघताना नवा कोल्हापुरी जोड पायात घातला.

एसटी पौडपर्यंत होती. तिथे गुळाचा चहा घेतला आणि पुढे एका मालाच्या लॉरीत बसलो. लॉरीने सोडल्यावर तलाव दिसला. पुण्यात बसून मी तलाव म्हणजे काठोकाठ भरलेलं काहीतरी समजत होतो. चैत्रात पाणी खूप खाली गेलेलं असतं. काठाने सुकून भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा, आणि त्यात जुन्या भातखाचरांच्या बांधांच्या ओळी स्पष्ट दिसतात. धरण झालं तेव्हा वाडी वर टेकडीवर गेली आणि जमिनी खाली राहिल्या. दहा महिने त्या पाण्यात असतात. पाणी उतरलं की जुन्या देवळाचा चौथरा उघडा पडतो, आणि जत्रा त्याच दिवसांत भरते.

सोबत्याचा धाकटा भाऊ धोंडिबा आम्हाला घ्यायला रस्त्यापर्यंत आला होता. तिशीचा, रुंद खांद्यांचा, पंचक्रोशीत नाव असलेला पैलवान. गाळातून आडवाटेने जाताना माझ्या नव्या चपलेचा अंगठा तुटला. पुन्याची चामडी हितं टिकत न्हाई, म्हणून तो हसला, आणि आपल्या वहाणा काढून त्याने माझ्यापुढे ठेवल्या. मी दोनदा नको म्हणालो आणि घातल्या. तो तापलेल्या दगडांवरून अनवाणी चालत राहिला.

घराच्या दारात एक पांढरा बैल बांधलेला होता, गुण्या नावाचा. इतका गरीब की शेजारची पोरं त्याच्या पोटाखाली बसून खेळत होती. धोंडिबाने जाता जाता त्याच्या कपाळावर थाप मारली.

ऊन कलल्यावर मी धोंडिबाला खळ्यावर नेलं. उद्याच्या खेळात माझ्यासमोर तोच उभा राहायचा होता आणि तात्यांनी मला बजावलं होतं, सगळं नीट शिकव. तात्या स्वतः ओट्यावर गावकऱ्यांत बसले होते. मी धोंडिबाला मूठ वळायला शिकवलं, तोंड झाकायला शिकवलं, ठोसा चुकवायला शिकवलं. तो सगळं एकदा दाखवलं की उचलत होता, आणि प्रत्येक वेळी मनापासून हसत होता. उभा मात्र पैलवानासारखाच राहायचा, पुढच्या पायावर वजन घेऊन. ती मांडी बघून मला काय वाटलं ते सांगायला हवं. ताटात आयतं वाढलेलं दिसावं, तसं वाटलं.

मग त्याने विचारलं, "आन तुमी लाथ मारली, तर आमी काय करायचं?"

मी म्हणालो, मी कुठे जोरात मारणार आहे. दाखवू उद्या.

पाय उचलायला शिकवणं हे पाच मिनिटांचं काम होतं. मी ते विसरलो नव्हतो. त्याने पाय उचलला असता तर उद्या माझी लाथ गावाला दिसली नसती.

रात्री जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, कैरीची चटणी आणि मग भात. आमच्याकडे पाहुण्याला वाढू का असं विचारतात, आणि तो नको म्हणाला तर ऐकतात. इथे विचारायची पद्धतच नाही. धोंडिबाची बायको माझ्याशी अवाक्षर बोलली नाही, दाराआडून बघून नवऱ्याच्या हाती भाकरी पाठवत होती. ताटातली संपायच्या आत दुसरी येई. मी चार भाकऱ्या खाल्ल्या.

रविवार

सकाळी धोंडिबाने मला उद्याची काठी दाखवली. उद्या, सोमवार, हा जत्रेचा मुख्य दिवस. काठी म्हणजे पंचवीस हातांचा वेळू, वर निशाण आणि मोरपिसांचा तुरा. तिचं बूड कमरेच्या शेल्यात बसवून एकट्याने ती उभी धरायची. चौघे दोर धरून तोल सांभाळतात. तळ्यातल्या जुन्या चौथऱ्यापासून निघायचं ते टेकडीवरच्या नव्या देवळापर्यंत. देवीला वर्षातून एकदा जुन्या घरून नव्या घरी न्यायची, अशी कल्पना. वाटेत काठी टेकली किंवा दुसऱ्याला धरावी लागली, तर मान त्या दुसऱ्याच्या घरी जातो. परत येत नाही. हा मान धोंडिबाच्या घरात धरणाच्याही आधीपासून होता. आजा, बाप, मग थोरला भाऊ, मग हा. वर देवळाच्या दारात मानकऱ्याची बायको तांब्या घेऊन उभी राहते आणि काठीवाल्याचे पाय धुते. त्याने हे सांगितलं तेव्हा आतून बांगड्यांचा आवाज आला, तिचं तांब्या घासणं चाललं होतं.

हे सगळं मी दुपारच्या आत ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

कुस्त्यांचा फड गाळातच होता, माती उकरून मऊ केलेली. चहूबाजूंनी माणसं बसलेली, हलगी वाजत होती. तात्यांनी उभं राहून दोन शब्द सांगितले, हा मारामारीचा खेळ नाही, हलक्या अंगाने दाखवायचं आहे. मग आम्ही समोरासमोर आलो. धोंडिबाने वाकून मातीला हात लावला, माझ्याही हातावर माती दिली.

गर्दी बघून माझं डोकं फिरलं असावं. ठोसा न दाखवताच मी पहिली लाथ मारली. कोरी. धोंडिबाने वाकून ती सहज काखेत पकडली, मला उचललं आणि पाठीवर आपटलं. गर्दी उसळली. कुस्तीच्या हिशेबाने मी चीतपट झालो होतो. कुणीतरी ओरडलं, पुन्याचा पावना आभाळ बघतुया. धोंडिबा हसत हसत मला हात देऊन उठवत होता. माझ्या तोंडात माती गेली होती.

त्यानंतर मी जे केलं ते अगदी पद्धतशीर केलं. रागात माणूस चुकतो म्हणतात, मी एकही चूक केली नाही. डावा ठोसा दाखवला, त्याचे हात वर गेले, अर्धं पाऊल बाहेर टाकलं, डाव्या मांडीवर नडगी बसली. तो हसला. परत दोन ठोसे, परत तीच जागा. या वेळी तो हसला नाही, माझ्याकडे बघत राहिला. काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं, आणि का माहीत नव्हतं ते फक्त मला माहीत होतं. तिसऱ्यांदा मी सगळी कंबर घातली. आवाज गर्दीत शेवटच्या माणसापर्यंत गेला. धोंडिबा एका गुडघ्यावर बसला.

दोन-तीन श्वास गेले असतील. मग तो उठला, मला छातीशी धरलं आणि स्वतःचा फेटा माझ्या डोक्यावर ठेवला. हलगी पुन्हा वाजली. मी फेटा सावरत हात जोडून चारी बाजूंना नमस्कार केला. तो नमस्कार आठवला की आजही मला उठून दुसरीकडे जावंसं वाटतं.

फडाबाहेर तात्यांनी एवढंच विचारलं, त्याला पाय उचलायला शिकवलं होतंस ना. मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या डोक्यावरच्या फेट्याकडे पाहिलं आणि कुस्त्या बघायला जाऊन बसले.

दिवेलागणीला धोंडिबाच्या पायाचं दुखणं लपेना. घराच्या पायऱ्या चढताना तो भिंतीला धरत होता. उद्याच्या तयारीसाठी पंच आले होते, त्यातल्या म्हाताऱ्याने पायाला काय झालं विचारलं. मी तिथेच बसलो होतो. फडात लाथा सगळ्यांनीच पाहिल्या होत्या. धोंडिबाने माझ्याकडे न बघता सांगितलं, "त्ये न्हवं. फडावनं आल्यावर वैरण घालताना गुण्यानं लाथ मारली."

पंचांचा विश्वास बसला, कारण पाव्हण्याचा खेळ म्हणजे खेळ, त्याने कुणाचा पाय जात नाही. म्हाताऱ्याने सांगितलं, बैलाला ही खोड लागली तर लागलीच. मारका बैल दारात नको. गुण्याची वेसण आवळून त्याला परसात आंब्याखाली एकटं बांधलं, आणि पोरांना तिकडे फिरकू नका म्हणून दम भरला. मी बोलायला तोंड उघडलं होतं. कुणीतरी चहाची कपबशी पुढे केली आणि मी ती घेतली.

सोमवार

सकाळी सगळी वाडी चौथऱ्यावर जमली. धोंडिबाने आंघोळ केली, शेला बांधला, काठी कमरेत घेतली. सपाटीवर तो ताठ चालला आणि मला वाटलं, निभावलं. माझी स्वार्थी आशा हीच होती की तो वर पोचला की सगळं मिटेल, मग कुणाला काही सांगायला नको.

चढ लागला तसं दिसू लागलं. तो प्रत्येक पायरी उजव्या पायाने चढत होता आणि डावा मागून ओढून आणत होता. लोक देवीच्या नावाने ओरडत होते. मी बाजूने चालत होतो आणि त्याच्या मांडीशिवाय मला काही दिसत नव्हतं. निम्मा चढ झाला, पाऊण झाला. देवळाचं दार दिसू लागलं, दारात धोंडिबाची बायको, म्हणजे वहिनी, तांब्या घेऊन उभ्या होत्या. वीस-पंचवीस पावलं उरली असतील. तिथे एक उंच पायरी आहे. उजवा पाय वर गेला, डाव्यावर वजन आलं आणि डावा गुडघा दुमडला.

काठी कलली. दोरवाल्यांनी ताण दिला, आणि बूड टेकायच्या आत धोंडिबाच्या चुलतभावाने ती आपल्या कमरेत घेतली. त्याचा काही दोष नव्हता, त्याने देवीची काठी वाचवली. हलगी क्षणभरही थांबली नाही. धोंडिबा उठला, काठीला हात जोडले आणि लंगडत जाऊन चुलतभावाने सोडलेला दोर धरला.

दारात वहिनींनी तांब्या चुलतभावाच्या बायकोच्या हाती दिला आणि बाजूला सरल्या.

दुपारी जत्रेचं मटण होतं, आंबेमोहोर भात होता. भाताचा वास साऱ्या वाडीत भरला होता. तो वास मी कचेरीत रंगवून सांगितला, पण त्या दिवशी मी तो ताटात नुसता चिवडत बसलो. पंगतीत जो तो म्हणत होता, गुण्यानं घरबुडवेपणा केला. बाजाराच्या दिवशी नेऊन विकून टाक, असा सल्ला धोंडिबाला पाच-सहा जणांनी दिला. तो मान हलवत होता, हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही.

मंगळवार

निघायच्या सकाळी मी परसात गेलो. न्याहारीची अर्धी भाकरी मी हातात ठेवली होती. गुण्या आंब्याखाली उभा होता. दावं आखूड असल्यामुळे त्याला बसताही येत नव्हतं. मी भाकरी पुढे केली. त्याने ती शांतपणे खाल्ली आणि माझा हात चाटला.

मागे पाऊल वाजलं. वहिनी वैरण घेऊन आल्या होत्या. तीन दिवसांत त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या, तेही बैलाकडे बघत.

"भावजी, बैलाच्या लाथंला खुराची खूण असती. मी तीन डाव मीठ गरम करून शेकलंय. खूण न्हाई तितं. नुसती नीळ हाय, येकावर येक."

मी विचारलं, मग पंचांना सांगितलं का नाही.

"त्ये म्हनले, पावन्याचं नाव घ्यायचं न्हाई. बैलाचं घेतलं तर बैल काय बोलत न्हाई." वैरण टाकून त्या थांबल्या. "आता त्येला इकायला लावत्यात सारी."

मी तसाच घरात गेलो. तात्या वळकटी बांधत होते. मी सगळं सांगितलं, शिकवलं नव्हतं ते आणि खोटं बोललो ते. तात्यांनी दोरीची गाठ पुरी केली.

"तिसऱ्या लाथेला ज्याचा पाय जमिनीवर असतो, त्याला कुणी शिकवलेलं नसतं. हे मला तिथेच कळलं. मीही गप्प बसलो, तेव्हा मला सांगू नकोस. तो ओट्यावर बसलाय."

ओट्यावर धोंडिबाबरोबर तो म्हातारा पंचही बसला होता. बरं झालं, कारण एकट्या धोंडिबाशी मी कदाचित पुन्हा काहीतरी गोड बोलून सुटलो असतो. मी दोघांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, की बैलाने लाथ मारलेली नाही, मी मारली. बचाव काय ते मला माहीत होतं, धोंडिबाने विचारलंही होतं, आणि मी मुद्दाम शिकवलं नाही. काठीचं काय, असं मी विचारलं. ती गेली ती गेली, देवीनं बघितलंय कुनी धरली त्ये, असं म्हणून म्हातारा उठला. परसात जाऊन त्याने स्वतःच्या हाताने गुण्याचं दावं सोडलं. जाताना माझ्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

धोंडिबा रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो माझ्यावर रागावला नाही, पण हसलाही नाही. ओट्याच्या खांबाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आता तरी दावा. लाथ आली तर काय करायचं?"

मी पुढे होऊन दाखवलं. गुडघा असा उचलायचा, नडगी अशी बाहेर वळवायची, हात तोंडाशीच ठेवायचे. पाच मिनिटंही लागली नाहीत. त्याने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि डावा पाय उचलू लागला. पाय जमिनीपासून चार बोटं वर आला आणि तिथेच थरथरत राहिला. माझ्या खांद्यावर त्याचं सगळं वजन आलं होतं. कपाळावर घाम होता.

"येवढं पुरं हाय का?" त्याने विचारलं.

एवढं पुरत नाही. मांडी वाचायला गुडघा कमरेपर्यंत यावा लागतो. मी त्याच्याच वहाणा घालून उभा होतो, आणि मी म्हणालो, पुरे.